व्यापारी डिरेक्टरीचे स्वामित्व आणि न्यायालयाचा आश्रय

२०१६ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. मांडवीतील एका स्नेह्यांच्या पेढीवर बसलो असता एक नवी कोरी व्यापारी डिरेक्टरी आमच्या हाती पडली. वेष्टन रंगीत, कागद गुळगुळीत, आणि किंमत आमच्या संघाच्या डिरेक्टरीच्या जवळजवळ दुप्पट. सहज पाने चाळू लागलो, तो भांडी व धातुकामाच्या प्रकरणात आमची दृष्टी एका नोंदीवर खिळली. आमच्या २०१५ च्या आवृत्तीत एका सभासदांच्या दुकानाचा क्रमांक नजरचुकीने १७ ऐवजी ७१ असा छापला गेला होता. त्याबद्दल त्या सद्गृहस्थांनी वार्षिक सभेत आम्हांला चार शब्द सुनावलेही होते. तोच ७१ या परक्या डिरेक्टरीतही दिमाखाने विराजमान झालेला! मुद्रिते तपासताना आमच्या नजरेतून निसटलेली चूक दुसऱ्याच्या ग्रंथात अशी पुन्हा भेटेल, हे स्वप्नातही आले नव्हते.

पुढे पाहू लागलो, तो प्रकार एका आकड्यापुरता राहिला नाही. धंद्यांची वर्गवारी तीच, वर्गांचा क्रम तोच, एकाच घराण्याच्या दोन पेढ्यांतला फरक कळावा म्हणून आम्ही कंसात घातलेल्या खुलाशांचे शब्दही तेच. आमची डिरेक्टरी छापून झाल्यावर बंद पडलेली एक पेढीही तेथे सुखाने नांदत होती. प्रकाशकाने बदलले होते ते वेष्टन, प्रस्तावना आणि जाहिराती.

कार्यकारी मंडळाची सभा भरली. तरुण मंडळींचे म्हणणे, ताबडतोब कोर्टात खेचावे. एका वृद्ध सभासदांनी शांतपणे विचारले, "पत्ता काय कोणाच्या मालकीचा असतो? तो तर दुकानाच्या पाटीवरच लिहिलेला असतो." सभेत त्या दिवशी बरीच खडाजंगी झाली. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात अर्धे अर्धे सत्य होते हे आम्हांला मागाहून कळले. संघाच्या नव्या आवृत्तीचे काम चालू असताना ते सगळे सभासदबंधूंपुढे मांडून ठेवावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, डिरेक्टरी हे केवळ कागदाचे बाड नव्हे. ती तयार करणाऱ्याला उन्हातान्हात मांडवीपासून मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत पायपीट करावी लागते. छापील अर्ज भरून घ्यावे लागतात, अर्धवट भरलेल्यांसाठी पुन्हा खेटे घालावे लागतात, "उद्या या" हे उत्तर हसतमुखाने ऐकावे लागते. जैन समाजाला तर या कामाची थोर परंपरा आहे. १९१४ साली ठाकुरदास भगवानदास जव्हेरी यांनी मुंबईहून 'श्री भारतवर्षीय दिगंबर जैन डिरेक्टरी' प्रसिद्ध केली. संगणक नाही, घरोघरी टेलिफोन नाही, अशा काळात देशभरच्या गावांची माहिती एकत्र करावयाची म्हणजे केवढे परिश्रम! त्या ग्रंथाचा आधार अभ्यासक अजूनही घेतात.

असे परिश्रम कोणी आयते उचलले तर कायदा काय म्हणतो? या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या उच्च न्यायालयाने फार पूर्वीच दिलेले आहे, आणि तेही एका धर्मग्रंथाच्या निमित्ताने. गंगाविष्णू श्रीकृष्णदास यांनी १८८४ साली 'व्रतराज' या जुन्या संस्कृत ग्रंथाची नवी आवृत्ती काढली. मूळ ग्रंथ कोणाच्याही मालकीचा नव्हता; वाटेल त्याने तो छापावा. परंतु गंगाविष्णूंनी पंडितांच्या साहाय्याने मजकुराची नव्याने मांडणी केली, इतर प्राचीन ग्रंथांतील उतारे योग्य जागी घातले, तळटीपा जोडल्या. पुढे मोरेश्वर बापूजी हेगिष्टे आदींनी आपली आवृत्ती छापली, तीत तेच जादा उतारे आणि त्याच टीपा त्याच ठिकाणी आढळल्या. फरक म्हणाल तर किरकोळ. प्रकरण न्यायालयात गेले. १८८९ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, जुन्या सामग्रीची अशी नवी रचना हीदेखील स्वतंत्र कृती होय, आणि प्रतिवादींनी मूळ साधनांकडे न जाता वादीच्या श्रमावर डल्ला मारला, म्हणून त्यांना मनाई केली पाहिजे. आमच्या वृद्ध सभासदांच्या प्रश्नाचे उत्तर यात आले. दुकानाची पाटी कोणीही वाचावी. मात्र ती वाचण्यासाठी दुकानापर्यंत चालत जावे!

हे चालत जाण्याचे तत्त्व खुद्द डिरेक्टऱ्यांच्या बाबतीत लंडनच्या न्यायालयात घडले. १८६६ साली केली यांनी मॉरिस यांच्यावर दावा आणला. केली यांची पोस्ट ऑफिस लंडन डिरेक्टरी त्या काळी प्रसिद्ध होती. न्यायाधीश पेज वुड यांनी दिलेला दृष्टांत मोठा मार्मिक आहे. रस्त्यांची माहिती देणारे पुस्तक लिहावयाचे तर मैलाचे दगड ज्याचे त्याने जाऊन मोजावेत, असे ते म्हणाले. दोघांचेही आकडे एकच निघाले तरी हरकत नाही, कारण दगड जागचे हलत नाहीत. पण दुसऱ्याच्या पुस्तकातून आकडे उतरवून घेण्याची मुभा नाही. आपले काम पुरे झाल्यावर ते बरोबर आहे की नाही हे ताडून पाहण्यापुरता आधीच्या ग्रंथाचा उपयोग करता येईल. गंमत अशी की, या दाव्यात प्रतिवादी म्हणून हरलेले मॉरिस हे नाव दोनच वर्षांनी, १८६८ साली, वादी म्हणून न्यायालयापुढे उभे राहिलेले दिसते. या वेळचे प्रतिवादी ॲशबी. त्यांच्या पक्षाने मॉरिस यांच्या व्यापारी डिरेक्टरीतील नोंदी कापून त्यांच्या चिठ्ठ्या केल्या, त्या चिठ्ठ्या घेऊन माणसे दुकानोदुकानी धाडली आणि "हे बरोबर आहे ना?" एवढे विचारून त्याच नोंदी छापल्या. हेही अतिक्रमणच ठरले. पुढे १८७० मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात न्यायालयाने दुसरी बाजूही स्पष्ट केली. कोणाकडे जावे हे कळण्यासाठी जुनी डिरेक्टरी पाहिली, आणि मग त्या त्या व्यापाऱ्याकडून स्वतः माहिती मिळविली, तर त्यात गैर काही नाही.

आमच्या मते सभासदांनी लक्षात ठेवण्याजोगा भेद हाच आहे. जुनी डिरेक्टरी हातात धरून बाजारात जाणे निराळे आणि ती कात्रीने कापून छापखान्यात पाठविणे निराळे. आता कात्रीची जागा संगणकाच्या दोन कळांनी घेतली आहे, एवढाच काय तो फरक.

१८९३ च्या लॅम विरुद्ध इव्हान्स या इंग्रजी प्रकरणाचाही येथे उल्लेख केला पाहिजे. तेथे व्यापाऱ्यांच्या जाहिराती धंदेवार शीर्षकांखाली लावलेल्या होत्या आणि शीर्षकांची इतर युरोपीय भाषांतील भाषांतरे सोबत दिली होती. जाहिराती व्यापाऱ्यांच्या, पण शीर्षकांची ती योजना ग्रंथकर्त्याची, आणि ती संरक्षणास पात्र आहे असे ठरले. शिवाय, डिरेक्टरीसाठी फिरणाऱ्या माणसांनी नोकरीत असताना मिळविलेली सामग्री पुढे प्रतिस्पर्ध्याच्या पुस्तकासाठी वापरता कामा नये, हेही न्यायालयाने बजावले. व्यापाऱ्यांना हा दुसरा भाग अधिक जवळचा वाटेल. दिल्ली उच्च न्यायालयापुढे १९९५ साली आलेल्या बर्लिंग्टन होम शॉपिंगच्या प्रकरणात जुन्या नोकराने गिऱ्हाइकांची संगणकातील यादीच आपल्याबरोबर नेली होती. पत्त्यांचा असा परिश्रमपूर्वक केलेला संग्रह ही कायद्याच्या दृष्टीने वाङ्मयीन कृती आहे असे सांगून न्यायालयाने त्याला मनाई केली. आपली गिऱ्हाइकांची वही हे 'वाङ्मय' आहे, हे ऐकून आमच्या एका कापडव्यापारी मित्रांना हसू आवरेना! परंतु १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या व्याख्येत तक्ते, संकलने आणि संगणकातील माहितीसंग्रह यांचा वाङ्मयीन कृतीत स्पष्ट समावेश आहे.

इथवर वाचून कोणी निर्धास्त होईल, म्हणून एक धोक्याची सूचना दिली पाहिजे. नुसते श्रम केले एवढ्याने हक्क मिळतो, ही समजूत आता जुनी झाली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली फाइस्ट विरुद्ध रूरल टेलिफोन या प्रकरणात ती मोडीत काढली. कॅन्सास राज्यातील एका लहान टेलिफोन कंपनीच्या यादीतील नोंदी फाइस्ट कंपनीने विनापरवाना उचलल्या होत्या. १,३०९ नोंदी तंतोतंत जुळल्या आणि त्यांत चार नोंदी तर टेलिफोन कंपनीने चोर पकडण्यासाठी मुद्दाम घातलेल्या बनावट नावांच्या होत्या. म्हणजे चोरी उघड्यावर आली. तरीही कंपनी हरली! वर्णानुक्रमे लावलेल्या नावापत्त्यांत निर्मितीचा अंशही नाही, असे न्यायालयाने म्हटले.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २००७ रोजी ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या निकालात मधला मार्ग धरला. त्या कंपनीच्या न्यायनिर्णयांच्या संग्रहातून इतरांनी संगणकीय तबकड्या तयार केल्या होत्या. न्यायालयाचे मूळ निकाल सर्वांचे आहेत. ते नीटनेटके छापले म्हणून छापणाऱ्याचे होत नाहीत. परंतु संपादकांनी कौशल्य आणि विवेक वापरून पाडलेले परिच्छेद, अंतर्गत संदर्भ, कोणत्या न्यायमूर्तींचे मत सहमतीचे व कोणाचे विरोधी हे दाखविणाऱ्या टीपा यांना संरक्षण मिळाले. थोडक्यात, नुसता घाम पुरेसा नाही आणि कवीची प्रतिभाही आवश्यक नाही. निवड आणि मांडणी यांत डोके चालविलेले दिसले पाहिजे. युरोपात माहितीसंग्रहावरील खर्चालाच १५ वर्षांचे निराळे संरक्षण देणारा नियम १९९६ पासून आहे. तसा कायदा आपल्याकडे नाही. म्हणून ज्या डिरेक्टरीत सभासदांची नावे केवळ वर्णानुक्रमे दिलेली आहेत, तिच्या भरवशावर कोर्टाची पायरी चढणे फारसे शहाणपणाचे नव्हे. घाऊक कोण, किरकोळ कोण, कोणत्या मालात कोणाचा हातखंडा, कोणती पेढी कोणाची शाखा, हे पारखून लावलेली वर्गवारी असेल तर बाजू बरीच बळकट होते.

आता उपायांकडे वळू. कायद्याच्या ५५ व्या कलमाने तीन मुख्य दिवाणी उपाय दिले आहेत: मनाईहुकूम, नुकसानभरपाई आणि प्रतिपक्षाने मिळविलेल्या नफ्याचा हिशेब. ५८ व्या कलमान्वये नकली प्रती आणि त्या छापण्याची साधने मूळ मालकाची आहेत असे मानून त्यांचा ताबाही मागता येतो. पैशाच्या मागणीची मुदत अतिक्रमणाच्या दिवसापासून तीन वर्षांची आहे. ऐकावयास हे सारे भरघोस वाटते. पण व्यापाऱ्याने प्रत्येक वस्तूचे आयुष्य पाहून भाव करावा, तसा येथेही केला पाहिजे. डिरेक्टरीचे आयुष्य एक-दोन वर्षांचे. तोवर दुकाने हलतात, टेलिफोन बदलतात, नवी आवृत्ती निघते. दाव्याचा अंतिम निकाल त्याआधी लागेल अशी आशा कोणी करू नये. पाच वर्षांनी हुकूमनामा हाती आला आणि तोवर नकली आवृत्ती रद्दीच्या भावाने गेलेली असली, तर त्या विजयाचे मोल काय?

म्हणून या सर्व उपायांत खरा उपाय एकच, दावा दाखल करतानाच मागावयाचा तात्पुरता मनाईहुकूम. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३९ व्या आदेशाप्रमाणे तो मागता येतो. न्यायाधीश तीन गोष्टी पाहतात. प्रथमदर्शनी बाजू खरी दिसते काय? मनाई केली किंवा न केली, तर अधिक गैरसोय कोणाची? आणि होणारे नुकसान पुढे पैशाने भरून निघण्यासारखे आहे काय? प्रती दडविल्या जातील अशी भीती असेल तर न्यायालय आयुक्त नेमून छापखान्यातील प्रतींची आणि संगणकातील मजकुराची यादी करवू शकते. मात्र या सर्वांना एक अट आहे, आणि ती कायद्याच्या पुस्तकापेक्षा व्यवहारातच अधिक जाणवते. नकली पुस्तक हाती आल्यावर सहा महिने सभा आणि ठराव यांत घालविणाऱ्यास "तातडीचे" असे काही मागण्याचे तोंड राहत नाही. आम्ही त्या वेळी पहिले दोन महिने असेच घालविले, हे कबूल केले पाहिजे.

दावा कोठे लावावा? ६२ व्या कलमाने वादीला आपल्या गावच्या जिल्हा न्यायालयात दावा लावण्याची सवलत दिली आहे. प्रतिवादी अहमदाबादचा असो वा मुंबईचा, प्रत्येक तारखेस तेथे धावण्याची गरज नाही. पण २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने या सवलतीला मर्यादा घातली. जेथे वादीची मुख्य कचेरी आहे आणि दाव्याचे कारणही तेथेच घडले आहे, तेथे ते ठिकाण सोडून शाखेच्या गावी दावा नेता येणार नाही. आपल्या संघाची कचेरी वडोदऱ्यात आणि विक्रीही मुख्यतः येथलीच, तेव्हा आपल्याला ही अडचण नाही. दाव्याचे मूल्य ३ लाख रुपये किंवा अधिक असेल तर प्रकरण २०१५ च्या कायद्यान्वये व्यापारी न्यायालयाकडे जाते. तेथे तातडीची मनाई मागितली नसेल तर दाव्यापूर्वी मध्यस्थीचा मार्ग चोखाळावाच लागतो. ही अट सक्तीची असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले आहे.

फौजदारीचा मार्गही आहे. जाणूनबुजून अतिक्रमण करणाऱ्यास ६३ व्या कलमाखाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ठरविले. पोलिसांना प्रती जप्त करण्याचा अधिकार आहे. परंतु बाजारातल्या माणसाने बाजारातल्या माणसावर शिपाई सोडावा, हे आम्हांला रुचत नाही. पुस्तके चोरून छापण्याचाच ज्यांचा धंदा, त्यांची गोष्ट वेगळी. शिवाय उलट बाजूही आहे. कायद्याच्या ६० व्या कलमाप्रमाणे निराधार धमकीची नोटीस देणाऱ्यावरच दावा होऊ शकतो. धमकी देणाऱ्याने वेळीच दावा लावून तो नेटाने चालविला, तर मात्र ते कलम आड येत नाही.

आपल्याकडे तिसऱ्या अणुव्रताच्या अतिचारांत 'प्रतिरूपकव्यवहार' म्हणजे अस्सलाच्या जागी नक्कल खपविणे हे गणलेले आहे, आणि ते कळण्यासाठी कोणाला वकिलाकडे जावे लागत नाही. न्यायालयाला मात्र अतिचार कळत नाहीत, पुरावा कळतो. त्या पुराव्याच्या बाबतीत आमची जी फजिती झाली ती सांगतो.

जिल्हा न्यायालय तेव्हा न्यायमंदिराच्या जुन्या इमारतीत भरत असे. २०१८ साली ते दिवाळीपुऱ्याच्या नव्या संकुलात गेले. न्यायमंदिराजवळच एका अनुभवी वकिलांची कचेरी होती. दोन्ही पुस्तके त्यांच्यापुढे ठेवून आम्ही मोठ्या आवेशाने १७ आणि ७१ ची हकिकत सांगितली. ते प्रसन्न झाले. समान चुका हा उतारा केल्याचा उत्तम पुरावा, असे म्हणून त्यांनी मद्रास उच्च न्यायालयाच्या १९५५ च्या एका निकालाचा दाखला दिला. तेथे इंग्रजी-तमिळ शब्दकोशाची नक्कल चुकांसकट पानेच्या पाने उतरविलेली आढळली होती, आणि अशा संदर्भग्रंथांत नावीन्य थोडे असले तरी दुसऱ्याच्या बुद्धीचे व श्रमाचे फळ लाटता येत नाही असे न्यायालयाने म्हटले होते. आम्हांला विजय दिसू लागला.

मग त्यांनी विचारले, "हे पुस्तक तयार कोणी केले?"

आम्ही अभिमानाने एका निवृत्त कारकुनाचे नाव सांगितले. गृहस्थ अत्यंत सचोटीचे. पानामागे ठरलेला मेहनताना घेऊन त्यांनी वर्षभर खपून संकलन केले होते. "म्हणजे ते संघाचे नोकर नव्हते. मग त्यांनी हक्क संघाच्या नावे लिहून दिला आहे काय?" आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. नोकराने नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक धनी. पण स्वतंत्रपणे काम करणाऱ्याच्या कृतीचा मालक, उलट करार नसेल तर, तो स्वतःच. आणि हक्कांतर सही केलेल्या कागदावाचून होत नाही. पुस्तकावर प्रकाशक म्हणून संघाचे नाव होते, आणि छापलेले नाव खरे मानून चालण्याचे कायद्याचे गृहीत आहे. पण पुस्तकात संकलक म्हणून त्या गृहस्थांचेही नाव आम्हीच कृतज्ञतापूर्वक छापले होते! पुढे नाशकास मुलाकडे राहावयास गेलेल्या त्या सज्जनांनी कागद पाहताच विनातक्रार सही केली. परंतु घडून गेलेल्या अतिक्रमणाबद्दल तो कागद मागाहूनचा ठरेल, असा वकिलांचा अभिप्राय पडला.

दुसरा प्रश्न याहून अवघड निघाला. "सर्व नोंदी तुम्हीच जमविल्या ना?" भांड्यांच्या, कापडाच्या, औषधांच्या नोंदी आमच्याच होत्या. प्लास्टिकच्या प्रकरणाची पाने मात्र वेळ थोडा उरल्यामुळे दुसऱ्या एका व्यापारी मंडळाच्या यादीवरून घेतली होती, तोंडी परवानगीने. परवानगी देणारे पदाधिकारी आता पदावर नव्हते. दुसऱ्याला मैलाचे दगड मोजावयास सांगणाऱ्या आम्ही चार दगड स्वतःच दुसऱ्याच्या वहीतून उतरविले होते. त्या दिवशी कचेरीच्या पायऱ्या उतरताना आमच्यातील सर्वांत आवेशपूर्ण तरुण सभासदही काही बोलला नाही.

तिसरी गोष्ट हिशेबाची. भरपाई मागावयाची तर डिरेक्टरीला किती खर्च आला, किती प्रती विकल्या गेल्या, नकली पुस्तकानंतर किती जाहिरातदार सुटले, हे दाखविले पाहिजे. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या व्यापाऱ्यांच्या संघाजवळ या एका कामाचा वेगळा हिशेब नव्हता. सारे काही 'किरकोळ खर्च' या सदरात गडप झालेले होते.

दावा लागला नाही. वकिलांनी रजिस्टर पोस्टाने नोटीस धाडली. "पत्ते सार्वजनिक आहेत" असे अपेक्षेप्रमाणे उत्तर आले. मग आम्ही दोन्ही पुस्तकांतील समान चुकांचा तक्ता तयार करून पाठविला. तो फुलस्केपची दोन पाने भरून झाला. त्यानंतर आठवड्याच्या आत ते प्रकाशक स्वतः भेटावयास आले. शिल्लक प्रती विक्रीतून काढून घेण्याचे आणि पुढील आवृत्तीत आमच्या नोंदी न वापरण्याचे त्यांनी स्टँपपेपरवर लिहून दिले. पैसे आम्हांला मिळाले नाहीत. अधिक ताणावयास हवे होते असे काही सभासदांचे अजूनही मत आहे. आमच्या कपाटात काय नव्हते हे ठाऊक असल्यामुळे आम्ही त्यांच्याशी वाद घालत नाही.

एक खुलासा येथेच करावासा वाटतो. वडोदऱ्याच्या व्यापाऱ्यांची डिरेक्टरी काढण्याचा मक्ता आपल्याला मिळावा, असा आमचा आग्रह कधीच नव्हता आणि कायदाही तसा मक्ता कोणाला देत नाही. मुंबईच्या महानगर टेलिफोन निगमाने टाटा प्रेसच्या पिवळ्या पानांच्या डिरेक्टरीला हरकत घेतली होती. टेलिफोनधारकांची यादी छापण्याचा अधिकार आपल्यालाच आहे, असे निगमाचे म्हणणे होते. ते उच्च न्यायालयात मान्य झाले, पण १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले आणि व्यापारी जाहिरात हाही भाषणस्वातंत्र्याचा भाग आहे असे सांगितले. दहा प्रकाशकांनी दहा डिरेक्टऱ्या काढाव्यात. गिऱ्हाइकाचा त्यात फायदाच आहे.

यंदाच्या आवृत्तीचे काम आम्ही या अनुभवानंतर निराळ्या रीतीने चालविले आहे. संकलकांशी लेखी करार झाला असून त्यात हक्कांतराची मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहिले आहेत. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाचच वर्षे धरतो. प्लास्टिकच्या प्रकरणासाठी दोन तरुण सभासद स्वतः मकरपुऱ्यास जाऊन आले. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, परंतु नोंदवहीतील दाखला प्रथमदर्शनी पुरावा म्हणून चालतो, तेव्हा छपाई होताच अर्ज करण्याचा ठराव झाला आहे. अमेरिकन कंपनीप्रमाणे दोनचार बनावट पेढ्या घालाव्यात अशीही एक सूचना आली होती. त्यावर एका वडीलधाऱ्या सभासदांनी हरकत घेतली की, संघाच्या पुस्तकात जाणूनबुजून असत्य छापणे योग्य नव्हे, आणि एखादा गिऱ्हाईक त्या पत्त्यावर उन्हातून गेला तर त्याचे पाप कोणाला? सभेला ते पटले. त्याऐवजी काही खऱ्याच नोंदींत लिहिण्याच्या पद्धतीची बारीक खूण ठेवावयाची ठरले. कोठे आणि कशी, हे अर्थातच येथे सांगता येणार नाही.

भरून आलेले अर्ज या वेळी टाकून न देता वर्गवार बांधून संघाच्या कचेरीतील हिरव्या कपाटात ठेवले आहेत. प्रत्येक अर्जावर पेढीचा शिक्का, भरून देणाऱ्याची सही आणि आणणाऱ्या सभासदाने घातलेली तारीख आहे. आपली नोंद तपासावयाची असेल त्या सभासदबंधूंनी मुद्रिते छापखान्यात जाण्यापूर्वी एकदा कचेरीत येऊन जावे. ७१ क्रमांकाचे ते सद्गृहस्थ पहिल्याच दिवशी येऊन गेले.